सेमलढान्याचा मुंडा

‘कोण मेलं?’ म्हाताऱ्याने विचारलं.

मी रामकलीकडे पाहिलं. रामकली त्याची सून. सेमलढान्यातली अंगणवाडी तीच चालवायची, आणि कोरकू नि मराठी दोन्ही नीट बोलता येणारी गावात ती एकटीच होती.

‘कुणी नाही मेलं,’ मी म्हणाले. ‘त्यांना सांग, मुंडा सव्वीस जानेवारीच्या चित्ररथासाठी हवाय. अमरावतीला न्यायचाय.’

तिने सांगितलं. म्हातारे सानू दहीकर मी दिलेली झेरॉक्स बघत बसले. पुस्तकातल्या एका फोटोची ती प्रत होती, काळी आणि पुसट. खांबावर वर चंद्रसूर्य, खाली घोडेस्वार, त्याखाली हात धरून नाचणाऱ्या माणसांची ओळ. झेरॉक्स त्यांनी उलटी धरली होती. मी ती सुलटी करून दिली. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला.

‘बाबा विचारतात, कुणीच मेलं नाही तर मुंडा कशाला?’

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि अमरावतीतल्या एका सरकारी कचेरीत कंत्राटावर चित्रकार होते. त्या वर्षी चित्ररथाचा विषय आला होता, ‘परंपरेतून प्रगतीकडे’. तोवर कुणा वरिष्ठाच्या हाताखाली रंग कालवणाऱ्या मला पहिल्यांदाच एक अख्खा रथ मिळाला होता. आमचे बाभुळकर साहेब म्हणाले होते, ‘दाभाडे, थर्माकोलचा खांब करून टाक, लांबून कोण बघतं?’ मीच हट्ट धरला. मेळघाटातला मुंडा दाखवायचा तर तो खरा, कोरकू माणसाने कोरलेला हवा.

मुंडा म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. कोरकू माणूस गेला की पुढे कधीतरी त्याच्या नावाने लाकूड कोरतात, गावकीला बोलावतात, गाणी म्हणतात आणि तो खांब गावाबाहेरच्या झाडाखाली आधीच्या खांबांशेजारी पुरतात. त्या विधीला सिडोली म्हणतात. ती झाल्याशिवाय गेलेला माणूस पूर्वजांत मिसळत नाही, मधेच कुठेतरी राहतो. हे सगळं मी वाचलं होतं. म्हातारा तेच मला सांगत होता, तरी मला वाटत होतं की त्याला माझं म्हणणं समजत नाहीये.

‘त्यांना म्हणावं, असं समजा की सगळ्याच पूर्वजांसाठी आहे,’ मी म्हणाले. ‘मानाचं काम आहे. कलेक्टर येतात, मंत्री येतात. हजारो माणसं असतात.’

म्हाताऱ्याने मान वर केली. ‘बाबा विचारतात, किती?’

‘पाच हजार तरी.’

‘बसलेली?’

‘आधी बसलेली. मग झेंडा वर गेला की सगळी उभी राहतात. मंत्रीसुद्धा. कुणी हलत नाही.’

‘त्या दिवशी असतं काय?’

शाळेत शिकवलं होतं ते मी सांगितलं. त्या दिवसापासून देशाला आपला कायदा मिळाला, सगळी माणसं सारखी झाली, म्हणून सुट्टी असते. रामकलीला ते कोरकूत सांगायला बराच वेळ लागला. मग सानूबाबा बोलायला लागले. ते कितीतरी वेळ बोलले. मधेच त्यांनी गावाकडे हात केला, मधेच डोंगराकडे. कुडाच्या आडून दोन बायका ऐकत होत्या, त्यातली एक तोंडाला पदर लावून आत गेली. रामकली खाली बघत होती.

बोलणं थांबलं. मी म्हणाले, ‘काय म्हणाले?’

‘बाबा बोलतात, करतो.’

‘एवढंच?’

‘एवढंच,’ रामकली म्हणाली.

जीपमध्ये बसताना मी आमच्या ड्रायव्हरला, वामनरावांना, म्हणाले, ‘एवढं मोठं बोलले आणि अर्थ एकच शब्द?’

‘म्याडम, आपल्याले काय करा लागते?’ वामनराव म्हणाले. ‘हो म्हनला ना बुढा? मंग झालं.’

*

आठ दिवसांनी मी गेले, तेव्हा लाकूडच ठरलेलं नव्हतं.

सानूबाबा मला आणि रामकलीला जंगलात घेऊन गेले. जुनी रीत अशी की आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी तांदूळ ठेवून त्याला विचारायचं, येतोस का? सकाळी जाऊन बघायचं. तांदूळ ठेवले तसेच असले तर झाड यायला तयार आहे. विस्कटलेले असले तर नाही, आणि मग त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. गावात एक मुंडा लागायचा तेव्हा एकच झाड जायचं, तेही हो म्हणालेलं.

पहिल्या सागाखालचे तांदूळ विस्कटलेले होते. दुसऱ्याखालचेही. तिसऱ्याखाली एकही दाणा नव्हता.

‘मुंग्यांनी नेले असतील,’ मी म्हणाले. ‘नाहीतर पाखरांनी. आज नऊ तारीख झालीय, रामकली.’

रामकलीने ते सांगितलं की नाही कोण जाणे. सानूबाबा तिसऱ्या झाडाला पाठ टेकून उभे होते. ते हळूच काहीतरी बोलले.

‘बाबा बोलतात, झाडं इथंच राहणार आहेत. ती कशाला येतील?’

झाडं इथे राहणार नाहीत तर कुठे जातील? मला काही कळेना. थकलेल्या माणसाचं बोलणं असेल म्हणून मी ते सोडून दिलं. वनरक्षकाला विचारून वाऱ्याने पडलेलं एखादं झाड मिळवू, असं मी सुचवलं. ते नुसतेच घराकडे निघाले.

पुढच्या खेपेला मी आत शिरले ती दारातच थांबले. घराच्या मधोमध, जिथे छताचा सगळा भार पेलणारा सागाचा जुना खांब होता, तिथे आता तिरप्या बांबूंचे तीन टेकू होते. खांब अंगणात आडवा पडला होता. धुराने काळा झालेला, माणसांच्या पाठी घासून घासून मधे गुळगुळीत झालेला.

‘हे काय केलं?’ मी जवळजवळ ओरडले. ‘घर पडेल ना!’

‘बाबा बोलतात, टेकू लावलेत.’

‘पण पावसाळ्यात? वारा आला तर?’

रामकलीने हे सासऱ्यांना सांगितलंच नाही. ‘टिकंल तेवढं,’ ती स्वतःच म्हणाली.

त्या दिवशी परतताना माझा ऊर भरून आला होता. माझ्या रथासाठी एका माणसाने आपल्या घराचा खांब काढून दिला, असं मी वामनरावांना सांगत होते. कलेसाठी माणसं काय काय करतात! वामनरावांनी गाडी घाटाखाली आणली. मग म्हणाले, ‘म्याडम, थो काई येडा मानूस नाई. घरचा खांब कोनी उगीच काढत नाई. कायतरी हाये यात.’

‘काय आहे?’

‘मले काय माईत? पन हाये.’

*

कोरायला दोन आठवडे लागले. मी चार वेळा गेले, आणि प्रत्येक वेळी अंगणात कुणीतरी बसलेलं असायचं. एकदा एक म्हातारी होती, काठी मांडीवर घेऊन. ती सानूबाबांना हाताने काहीतरी वळण दाखवत होती, असं, मग असं. दुसऱ्या दिवशी खांबावर नाला होता, तसाच वळलेला. एकदा दोघे भाऊ आले, एका दगडावरून वाद घालत. अस्वल त्या दगडाच्या कोणत्या बाजूला बसायचं, यावर. सानूबाबांनी दोघांचं ऐकलं आणि दोन्ही बाजूंना अस्वल कोरलं.

काम अप्रतिम होतं. मी कलाशाळेत पाच वर्षं घासली होती, पण असा हात मी पाहिला नव्हता. पेन्सिलीची खूण नाही, मोजमाप नाही. पटाशी टेकवली की लाकूड आपणहून बाजूला व्हायचं. फक्त ते माझ्या फोटोसारखं होईना.

वर चंद्रसूर्य आले, घोडेस्वार आला, तोवर ठीक होतं. मग पोकळ महूचं झाड आलं. मग लहान लहान घरांच्या दोन रांगा. मग शाळा, तिच्यावर झेंडा. आणि एके दिवशी मी गेले तर नाचणाऱ्या माणसांच्या ओळीशेजारी हातपंप होता. दांडा, नळ, खालचा ओटा, सगळं.

‘हा हातपंप काढायला सांग,’ मी रामकलीला म्हणाले.

‘का?’

‘अगं, मुंड्यावर हातपंप कुठे असतो? शाळा कुठे असते? लोक हसतील. आपल्याला परंपरा दाखवायचीय, खरी.’

‘हातपंप खरा आहे ना, बाई. तो काय तिथं आहे.’ तिने बोटाने दाखवला. दोन मुली त्यावर हंडे भरत होत्या.

‘तो आहे गं. पण मुंड्यावर नको. विचार त्यांना.’

तिने विचारलं. सानूबाबांनी पटाशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी, हिंदीमिश्रित मराठीत बोलले. ‘बाई, तुझा फोटो कुणाचा आहे?’

‘म्हणजे?’

‘फोटोतला मुंडा. कोण मेला होता तो?’

पुस्तकात नाव नव्हतं. मी तसं सांगितलं.

‘नाव नाही,’ ते म्हणाले. त्यांना ते मोठं चमत्कारिक वाटलेलं दिसलं. ते पुन्हा कामाला लागले. हातपंप राहिला.

त्या दिवशी मी चिडले होते. चिडले म्हणूनच खांब अगदी जवळून, चुका शोधल्यासारखा बघत गेले. सगळ्यात खाली, शेवटच्या घराच्या मागे, नखाएवढी एक आकृती होती. टोपली म्हणावी तर तिला वर दोर होते.

‘आणि हे काय?’

‘ते माझं आहे,’ रामकली म्हणाली आणि आत निघून गेली. मी हाक मारली, पण ती बाहेर आली नाही.

*

सव्वीस जानेवारीला रथापुढे नाचायला ठरवलेल्या दहा जणांना घेऊन यायला मी ट्रक पाठवला होता. सकाळी सातला परेडच्या मैदानाबाहेर तो थांबला, आणि त्यातून माणसं उतरतच राहिली. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. मागून आणखी एक टेम्पो आला, तो त्यांनी स्वतःच केला होता. सगळ्यांनी स्वच्छ कपडे घातले होते. कुणी हसत नव्हतं. जत्रेला आलेली माणसं अशी नसतात, एवढं मला जाणवलं. पण रथावरची प्लास्टिकची पानं वाऱ्याने उडत होती, थर्माकोलचा डोंगर एका बाजूने निखळला होता, आणि मी फेविकॉलचा डबा शोधत होते.

मुंडा रथाच्या मधोमध उभा होता. थर्माकोलच्या पांढऱ्याफेक डोंगरांत तो एकच काळा, जड. त्याच्या पुढ्यात सानूबाबा उभे राहिले. बाभुळकर साहेब येऊन बघून गेले. ‘हातपंप! वा, दाभाडे! परंपरेतून प्रगतीकडे! विषयाला धरून आहे.’ हे मला सुचलं नव्हतं. मी मान डोलावली.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळं मैदान उभं राहिलं. मी ताठ उभी होते, नजर समोर. गीत संपलं, टाळ्या वाजायच्या आधी क्षणभर शांतता असते ना, त्या शांततेत माझ्या मागून बायकांचा आवाज आला. उंच नाही, खालच्या पट्टीतला, एकाच ओळीवर फिरत राहणारा. गर्दी अडवायला बांधलेल्या दोराच्या पलीकडे सेमलढान्याच्या बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या आणि गात होत्या. सानूबाबांनी दोन्ही तळहात खांबावर टेकवले होते.

‘लोकगीत पण ठेवलंस!’ साहेब माझ्या कानाशी म्हणाले. ‘छान, छान.’

मी काही ठेवलं नव्हतं. रथ हलला, मंचापुढून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका दोराच्या कडेकडेने रथाबरोबर चालत होत्या, गाणं न तोडता. रामकली सगळ्यात मागे होती. तिचा चेहरा ओला झाला होता. मैदानाच्या टोकाला रथ थांबला, तेव्हा मी तिच्याजवळ गेले.

‘काय झालं? कुणी काही बोललं का?’

‘नाही,’ ती म्हणाली.

‘हे गाणं कसलं आहे?’

‘सिडोलीचं.’

‘पण सिडोलीचं गाणं इथे का? अगं, कोण मेलंय?’

‘गाव,’ ती म्हणाली.

मला वाटलं, गावातलं कुणीतरी. ‘कोण गावातलं?’

‘गाव, बाई. सेमलढाना. शिवरात्रीच्या आत आम्ही उठणार. वाघांसाठी. दिवाळीतच कागदांवर अंगठे झाले. खाली सपाटीवर जागा दिलीय, सडकेजवळ.’ तिने पदराने नाक पुसलं. ‘म्हातारी माणसं बसली होती तेव्हा, की माणसाची सिडोली करतात, गावाची कोण करणार? गाव तसंच मधे राहील. आणि गाव मोठं, त्याला माणसं पण मोठी लागणार. चार घरं येऊन भागत नाही. बाबांना काही सुचत नव्हतं. मग तुम्ही आलात, बोललात, पाच हजार माणसं उभी राहतात. मंत्री पण उभा राहतो. कुणी हलत नाही.’

माझ्या हातात अजून फेविकॉलचा डबा होता. नाला, दगड, दोन अस्वलं, घरांच्या रांगा, घराच्या मधोमधचा खांब. झाडं इथंच राहणार आहेत, ती कशाला येतील.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘त्या दिवशी बाबा सगळं हेच बोलले होते.’

‘आणि तू मला एक शब्द सांगितलास!’

‘सगळं सांगितलं असतं, तर तुम्ही नेला असता का मुंडा?’

नसता नेला. सुट्टीच्या दिवशी, मंत्र्यांच्या समोर, मढ्याची गाणी? साहेबांनी मला उभं केलं नसतं. मला राग आला होता. आपल्याला वापरलं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मी त्यांच्या दारात गेले होते ती त्यांना वापरायलाच.

‘जायचं नाहीये का तुम्हाला?’ मी विचारलं.

‘मला जायचंय,’ रामकली म्हणाली. इतकं पटकन की मी चमकले. ‘माझी पोरगी पावसात गेली, बाई. चार महिन्यांची होती. नाला भरला होता, पलीकडे दवाखान्याची गाडी उभी होती. दिसत होती. मला सडकेजवळ राहायचंय.’ मग ती मुंड्याकडे बघत म्हणाली, ‘तो पाळणा तिचा.’

मला जायचंय म्हणणारी तीच, आणि गावासाठी रडणारीही तीच. मी दोन्ही एकत्र धरू शकत नव्हते. तिला त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

*

बारा वाजता निकाल लागला. आमचा रथ पहिला आला.

कचेरीत परतल्यावर साहेबांनी पेढे मागवले. म्हणाले, ‘मुंडा आपल्या कचेरीच्या दर्शनी भागात उभा करू. काचेत. खाली पाटी, तुझं नाव.’

दोन वर्षं मी कंत्राटावर होते. माझं नाव कुठल्याच पाटीवर कधी आलं नव्हतं. खिडकीतून मला ट्रक दिसत होता. सेमलढान्याची माणसं सावलीला बसून होती. जायचं नाव घेत नव्हती, काही मागतही नव्हती. त्यांना वाटत होतं, आता मुंडा उतरवतील आणि आपण निघू. ठरलंच आहे ते, असं त्यांना वाटत होतं. सिडोली झाली की मुंडा पूर्वजांच्या झाडाखाली जातो. तो दुसरीकडे जाऊ शकतो, हे त्यांच्या मनातही आलेलं नसावं.

‘साहेब, तो परत द्यायचाय,’ मी म्हणाले.

‘का? रीतसर करवून घेतलाय ना आपण?’

मी सांगायला लागले आणि अडखळले. गावाची सिडोली, असं म्हणाले, तर तो शब्द माझ्याच कानाला खोटा वाटला. साहेब पेढा हातात धरून ऐकत होते. माणूस वाईट नव्हता.

‘म्हणजे आपण आज सगळे,’ ते सावकाश म्हणाले, ‘मंत्रीसाहेबांसकट, अंत्यविधीला उभे राहिलो?’

‘हो.’

‘हे कुणाला बोलू नकोस. आणि मुंडा जाणार नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?’

मी खाली आले. जिन्यात दोनदा थांबले. वर परत जावं असं वाटत होतं, पेढा खावा, पाटीवर नाव बघावं. खाली वामनराव रथाला टेकून उभे होते. त्यांना रामकलीने सगळं सांगितलेलं दिसत होतं.

‘म्याडम, मी म्हनलो होतो ना, कायतरी हाये म्हनून?’ ते म्हणाले. मग आवाज उतरवून, ‘काय करता? गाडी फिरवू काय?’

‘साहेब नाही म्हणालेत.’

‘मले नाई म्हनले. तुमाले म्हनले.’

आठ माणसांनी मुंडा ट्रकमध्ये चढवला. मी एका कागदावर लिहिलं, ‘मुंडा मी माझ्या जबाबदारीवर परत नेत आहे’, खाली सही केली आणि तो शिपायाच्या हाती वर पाठवला. हे धाडसाने केलं असं मी आजही म्हणणार नाही. मी बरोबर करतेय की नोकरीचं नुकसान करून घेतेय, हे मला अजिबात कळत नव्हतं.

सेमलढान्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गावाबाहेर एका जुनाट झाडाखाली वीसेक मुंडे उभे होते, काही इतके झिजलेले की चित्रं नुसती हाताला लागत. त्यांच्या मधे खड्डा आधीच खणून ठेवला होता. मुंडा त्यात उभा केला, माती लोटली, पायांनी दाबली. बायकांनी गाणं पुन्हा धरलं, आणि या वेळी पुरुषांनीही. मी नि वामनराव लांब उभे होतो. वामनरावांनी टोपी काढली होती.

सगळं झाल्यावर सानूबाबा माझ्याकडे आले. मला वाटलं, काही आभाराचं बोलतील. ते म्हणाले, ‘मंत्री हलला नाही. मी बघत होतो.’ आणि समाधानाने मान हलवून घराकडे गेले, त्या तीन टेकूंच्या घराकडे.

एप्रिलमध्ये माझं कंत्राट पुढे चाललं नाही. साहेबांनी कारण लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

*

अकरा वर्षांनी रामकलीचा फोन आला. मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होते. ‘सव्वीस जानेवारीला या,’ एवढंच ती म्हणाली.

नवं सेमलढाना सपाटीवर, डांबरी सडकेला लागून होतं. सरळ रेघेत सिमेंटची घरं, दारांवर आकडे, एकही मोठं झाड नाही. सानूबाबा तीन वर्षांपूर्वी गेले होते. दवाखान्याची गाडी रामकलीच्या दारापर्यंत येत होती, आणि तिचे केस पिकले होते. दुपारी सावलीत बसायला जागा नसते, हे तिने मला तीन वेळा सांगितलं.

शाळेच्या मैदानात झेंडा चढला. राष्ट्रगीत झालं. मला वाटलं, आता खाऊ वाटतील आणि पोरं पळतील. पण कुणी हललं नाही. सगळं गाव उभंच राहिलं. रामकली पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, ‘वाकडा नाला!’

‘वाकडा नाला!’ पोरं एका सुरात ओरडली.

‘अस्वलाचा दगड!’

‘अस्वलाचा दगड!’

‘पोकळ महू!’

पाढे म्हणावेत तशी पोरं नावं घेत होती. त्यांतल्या बहुतेकांनी ती जागा पाहिलीच नव्हती. काही नावं त्यांच्या तोंडात वेगळीच झाली होती, आणि म्हातारी माणसं ती तिथल्या तिथे नीट करत होती. झऱ्यांची नावं, वाटांची, एका बैलाचं नाव. हातपंपही आला.

माझ्या शेजारी आठेक वर्षांची एक मुलगी होती, गणवेशावर कागदी झेंडा टाचलेली. मी नुसतीच उभी आहे हे तिच्या लक्षात आलं. दोन नावांच्या मधे तिने माझा पदर ओढला.

‘बाई, तुमच्याकडे नावं झेंड्याच्या आधी घेतात का नंतर?’

‘आमच्याकडे घेत नाहीत,’ मी म्हणाले.

‘सव्वीस जानेवारीलासुद्धा?’

‘नाही.’

तिने जरा विचार केला. ‘म्हणजे तुमचं गाव अजून आहे?’

तेवढ्यात रामकलीने पुढचं नाव घेतलं, आणि ती मुलगी माझा पदर सोडून सगळ्यांबरोबर ओरडायला वळली.